आकडा, नाव आणि वारस : ग्रामीण कुटुंबाच्या इतिहासाची कागदपत्रे

महाराष्ट्रातील राजघराण्यांचा, सरदारांचा आणि देशमुख-देशपांडे यांच्यासारख्या वतनदारांचा इतिहास सनदा, बखरी आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे बऱ्याच तपशिलाने लिहिला गेला आहे, आणि विसाव्या शतकात काही शिक्षित कुळांनी आपापले कुलवृत्तांत छापून स्वतःच्या वंशावळी सुरक्षितही करून ठेवल्या. परंतु ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या शेत कसले, लोहारकी-सुतारकी केली, गावकीची कामे केली किंवा दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली, त्यांचा इतिहास लिहिण्याचा प्रयत्न अपवादानेच झालेला दिसतो. अशा कुटुंबाची स्मृती साधारणपणे तीन-चार पिढ्यांपुढे जात नाही. श्राद्धविधीतही पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीनच पिढ्यांचा नामोच्चार होतो, आणि त्यापलीकडचे पूर्वज 'मूळ गाव', 'कुलदैवत', 'देवक' किंवा देवघरातील पितरांचे टाक अशा खुणांत विरून जातात. त्यामागे जायचे तर कागदांकडे वळावे लागते. हे कागद कुटुंबाने स्वतःसाठी लिहिलेले नसतात. सारा वसूल करण्यासाठी, माणसे मोजण्यासाठी, साथीचा हिशेब ठेवण्यासाठी किंवा शाळेतील हजेरीसाठी कोणा कारकुनाने ते लिहिलेले असतात. म्हणून ग्रामीण कुटुंबाचा इतिहास शोधताना एका प्रश्नाचे उत्तर प्रत्येक टप्प्यावर द्यावे लागते : या माणसाची नोंद घेण्याची गरज कोणाला, कशासाठी पडली, आणि ज्याची नोंद घेण्याची गरज कोणालाच पडली नाही, त्याचे काय झाले?

जनगणना काय देते आणि काय देत नाही

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एखाद्या शेतकरी कुटुंबाचा माग काढणारा अभ्यासक प्रथम जनगणनेच्या मूळ पत्रकांकडे जातो, कारण तेथे घरोघरची पत्रके ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुली केली जातात. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची असून १९५० च्या जनगणनेची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली. इंग्लंड व वेल्समध्ये मुदत १०० वर्षांची असून १९२१ ची पत्रके २०२२ च्या जानेवारीत उपलब्ध झाली. या पत्रकांत घरातील प्रत्येक व्यक्तीचे नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नाते आणि व्यवसाय लिहिलेला असल्याने दर दहा वर्षांनी कुटुंबाचे जणू एक छायाचित्र मिळते, आणि दोन जनगणनांच्या मधली जागा वृत्तपत्रांतील मृत्युलेख भरून काढतात. ही साधनेही निर्वेध नाहीत. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची बहुतेक पत्रके १९२१ मधील आगीमुळे नष्ट झाली आणि इंग्लंड व वेल्सची १९३१ ची पत्रके १९४२ साली आगीतच गेली. तरीही जनगणना आणि मृत्युलेख यांची ही जोडी तेथील कौटुंबिक इतिहासाचा कणा ठरली आहे.

भारतात ही वाट बंद आहे. येथे पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वेळी झाली आणि देशभर एकाच वेळी घेतलेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. गावात ही मोजणी बहुधा कुलकर्णी, तलाठी किंवा शाळेचे मास्तर करीत. त्यांच्या पत्रकांवरून तालुका, जिल्हा आणि प्रांत यांचे तक्ते बनले, छापील अहवाल निघाले, आणि काम संपल्यावर मूळ पत्रके जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ ने जनगणना अधिकाऱ्याने केलेल्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही, आणि त्या नोंदी न्यायालयात पुरावा म्हणूनही ग्राह्य धरल्या जात नाहीत. माणसाने सरकारी प्रगणकासमोर निर्भयपणे खरे सांगावे, हा या गुप्ततेमागचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. मात्र त्याचा परिणाम असा, की जनगणनेत कुटुंब असते, पण केवळ आकड्याच्या रूपाने.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद घडला. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी व्यक्तिगत पत्रकांवरून गावोगावची नावे उतरवून 'नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर' तयार करण्यात आले. आसाममध्ये हेच रजिस्टर पुढे नागरिकत्वाच्या पडताळणीचा मुख्य आधार ठरले. महाराष्ट्रातही मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने तपासायला सांगितलेल्या अभिलेखांच्या यादीत त्याचा समावेश आहे. ज्या तालुक्यात त्याची वही टिकली असेल तेथे १९५१ सालचे अख्खे घर, स्त्रिया आणि मुले यांच्यासह, एकत्र पाहायला मिळण्याची शक्यता असते, आणि हे भाग्य अन्य कोणत्याही महसुली कागदाच्या वाट्याला येत नाही.

आकड्यांच्या रूपातील जनगणनाही कुटुंबाच्या इतिहासाला निरुपयोगी नसते, कारण ती घटनांचा संदर्भ पुरवते. आजच्या सीमांनुसार हिशेब केला तर भारताची लोकसंख्या १९११ साली सुमारे २५.२१ कोटी होती आणि १९२१ साली ती २५.१३ कोटींवर आली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हे एकमेव दशक होय. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे २.१५ कोटींवरून २.०८ कोटींवर उतरली. १९१८ च्या पावसाळ्यानंतर आलेली इन्फ्लुएन्झाची साथ, जिला मराठी मुलखात 'मानमोडी' म्हणत, आणि त्याच वर्षी पडलेला दुष्काळ ही या घटीची मुख्य कारणे होती. एखाद्या वंशावळीत १९१८ च्या आसपास एकाच घरातील दोन-तीन कर्ती माणसे अचानक दिसेनाशी झाली आणि जमिनीवर अज्ञान मुलांची नावे चढली, तर त्या घराचे दुःख संपूर्ण प्रांताच्या दुःखाचा भाग होते, हे या तक्त्यांमुळे समजते. तसेच २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, या एका आकड्यातून घरातील पुरुष मुंबईत आणि बायका-म्हातारी माणसे गावी, ही कोकणातील कुटुंबांची शतकभराची घडण स्पष्ट होते. १९५१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत प्रत्येक गावाची लोकसंख्या स्वतंत्र दिलेली असते आणि त्याआधीच्या स्थितीचे वर्णन मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये मिळते. ही दोन साधने शेजारी ठेवली, तर कुटुंब ज्या गावात राहिले त्या गावाची वाढ, उतार आणि स्थलांतरे यांचा आराखडा हाती येतो.

जमिनीच्या कागदांतील वंशावळ

नावे शोधायची तर जमिनीच्या दप्तराकडे जावे लागते, कारण राज्य कोणाचेही असो, शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे त्याला ठाऊक असावे लागे. पेशवाईतील 'थळझाडा' हा गावातील जमिनींची थळांनुसार, म्हणजे मूळ मिरासदार घराण्यांच्या वाट्यांनुसार, मांडणी करणारा कागद होता. ज्या घराण्याचा वंश खुंटला त्याच्या जमिनीला 'गतकुळी' म्हणत, आणि घराणे नष्ट झाल्यावरही त्या थळाला त्याचेच नाव राही. कुटुंब गेले आणि शेताला नाव उरले, अशी ही नोंद दोन शतकांपूर्वीच्या ग्रामीण कुटुंबांविषयी माहिती देणाऱ्या मोजक्या साधनांपैकी एक आहे. वतनाच्या तंट्यांत पक्षकारांनी लिहून दिलेल्या 'कैफियती', म्हणजे आपली बाजू मांडणारी निवेदने, हे दुसरे साधन. हक्क सिद्ध करण्यासाठी त्यांत चार-पाच पिढ्यांची वंशावळ सांगितलेली असे.

इंग्रजी अमलात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेल्या मोजणीने प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर दिला आणि त्याचा 'आकार', म्हणजे सारा, ठरवला. परंतु या पद्धतीत साऱ्याला जबाबदार असलेल्या एका खातेदाराचे नाव पुरेसे होते. घरातील इतरांचे हक्क लिहिले जाऊ लागले ते १९०३ च्या हक्कनोंद कायद्यानंतर, ज्याच्या तरतुदी १९१३ मध्ये जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. आजचा 'सातबारा' हा गाव नमुना ७, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना १२, म्हणजे पिकांची नोंद, या दोहोंचा जोड-उतारा आहे. आणि कुटुंबाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा आहे तो गाव नमुना ६, अर्थात फेरफार नोंदवही.

फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची क्रमांकित नोंद. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात लिहिलेला आकडा हा त्या नोंदीचा क्रमांक असतो, आणि ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस केलेला असतो. कंसातील नावे आणि वर्तुळातील आकडे यांच्या आधारे मागे मागे जात राहिले, की मृत्यू, वाटणी, खरेदी, गहाण, सोसायटीचा बोजा आणि तो उतरल्याची तारीख, अशा घटनांची साखळी उलगडते. 'मयत' अशी सुरुवात असलेल्या वारस फेरफारात मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे, वये व नाती दिलेली असतात. 'अ.पा.क.' ही अक्षरे अज्ञान वारसाचा पालनकर्ता कोण हे सांगतात, 'ए.कु.क.' ही अक्षरे ज्याच्या नावापुढे आहेत तो एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून नोंदलेला असतो, आणि त्यामुळे त्याच्यामागे भावांची कुटुंबे आहेत याची सूचना मिळते. बाप वारल्यावर लहान मुलांचा 'अ.पा.क. आई' असा उल्लेख, पंधरा-वीस वर्षांनी त्याच मुलांचे सज्ञान झाल्याचे फेरफार आणि मग वाटणी, हा क्रम एका विधवेने सांभाळलेल्या घराचे चरित्रच असते, जरी ते लिहिणाऱ्या तलाठ्याचा उद्देश तसा नसला तरी.

जमिनीचे तुकडे होत गेल्याची कथाही याच कागदांत आहे. शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली धारणा १८१८ साली साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे त्यांनी दाखवले. एका गावाच्या या सरासरीमागे प्रत्येक घराच्या वाटण्या आहेत, आणि मुंबईच्या गिरणीत, फौजेत किंवा दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या धाकट्या भावाचे कारण शोधताना अनेकदा ते वाटणीच्या फेरफारात सापडते. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने गावोगावी सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, आणि १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून जमीन कसणारी कुळे मालक मानली गेली. शोध घेणाऱ्याने गट नंबरापाशी न थांबता 'एकत्रीकरण जबाब' काढून जुना सर्व्हे नंबर मिळवला पाहिजे, आणि मालकी नसलेल्या पूर्वजांसाठी 'सात-अ' हा कुळांचा नमुना पाहिला पाहिजे. अन्यथा कुटुंबाचा इतिहास १९५७ साली सुरू झाल्याचा भास होतो.

प्रदेश बदलला की दप्तरही बदलते. मराठवाड्यात निजामाच्या अमलातील फसली सनाची, बऱ्याचदा उर्दूतील कागदपत्रे आणि १९५० च्या दशकातील खासरा पत्रक व पाहणी पत्रक महत्त्वाची ठरतात. पूर्व विदर्भात मालगुजारी पद्धतीमुळे बंदोबस्ताच्या मिसली आणि पी-१ सारखे अभिलेख पाहावे लागतात. पश्चिम महाराष्ट्रातील जुने फेरफार मोठ्या प्रमाणात मोडी लिपीत आहेत. १९५० च्या सुमारास शाळांतून मोडीचे शिक्षण बंद झाल्याने आजची पिढी स्वतःच्या आजोबांच्या वारसाची नोंद वाचू शकत नाही, आणि मोडी जाणणाऱ्यांची मदत घेतल्यावाचून या शोधात पुढे जाता येत नाही.

मृत्यूच्या नोंदी आणि निधनवार्ता

जमिनीनंतरचे मोठे साधन म्हणजे गावचे जन्म-मृत्यू रजिस्टर, जे 'कोतवाल बुक' किंवा जुना गाव नमुना १४ या नावाने ओळखले जाते. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. त्याआधी गावात कोण जन्मले आणि कोण मेले याची खबर पाटील-कोतवाल यांच्यामार्फत तालुक्याला जाई. जन्माची नोंद बहुधा बारशाआधी होत असल्याने बाळाचे नाव नसते, बापाचे नाव, जात आणि मूल मुलगा की मुलगी एवढेच असते. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असते. पटकी, देवी, प्लेग, हगवण आणि ताप अशा ठरावीक कारणांत सारे मरण बसवले जात असल्याने 'ताप' या शब्दाखाली हिवताप, विषमज्वर आणि १९१८ ची मानमोडी हे सगळेच आले आहेत. तरीही तारखांचे महत्त्व कमी होत नाही. एका गावाच्या रजिस्टरात १९१८ च्या ऑक्टोबरची पाने इतर महिन्यांच्या कितीतरी पट भरलेली दिसली, की कारणाचा रकाना काहीही म्हणत असला तरी त्या मृत्यूंचा अर्थ लागतो.

वृत्तपत्रांतील मृत्युलेख हे साधन ग्रामीण महाराष्ट्रात उशिरा आणि विषम प्रमाणात आले. अहमदनगर परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजासाठी १८४२ पासून निघणारा 'ज्ञानोदय' होता, आणि चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या वह्या होत्या. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून अहमदनगर जिल्ह्याच्या खेड्यातून चालवलेला 'दीनमित्र' हा ग्रामीण बहुजन समाजाचा आवाज होता. परंतु सामान्य शेतकऱ्याच्या घरातील मृत्यूची बातमी छापून येऊ लागली ती जिल्हा दैनिके आणि मोठ्या वृत्तपत्रांच्या ग्रामीण आवृत्त्या तालुक्यापर्यंत पोहोचल्यावर. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे', या ठरलेल्या वाक्याने संपणारी निधनवार्ता, दशक्रिया विधीची पत्रिका, प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात आणि आता चौकातील फलक, ही सर्व एकाच परंपरेतील साधने आहेत, आणि त्यांतून वय, गाव, सोसायटी किंवा ग्रामपंचायतीतील पद, वारकरी संप्रदायाशी नाते, मुलांचे व्यवसाय आणि सोयरिकीची गावे कळतात. 'शोकाकुल' या शब्दाखाली छापलेल्या नावांच्या क्रमावरून भावकीच्या शाखा आणि त्यांची ज्येष्ठता यांचाही अंदाज बांधता येतो.

या निधनवार्तांत एक उणीव सातत्याने आढळते. मुलांची नावे व हुद्दे दिले जातात, मुलींची बहुतेक वेळा केवळ संख्या दिली जाते. या दृष्टीने महसुली फेरफार वृत्तपत्रापेक्षा पुष्कळदा अधिक न्याय्य ठरतो, कारण १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारस म्हणून मुलींची नावे लिहिणे भाग पडले. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिल्यावर ही नोंद अधिकच पक्की झाली. अर्थात पुढच्याच पानावर त्या मुलींचे हक्कसोडपत्र असते, आणि बहिणीचे नाव सातबाऱ्यावर चढल्यावर काही महिन्यांतच कंसात जाते. तरीही त्या एका नोंदीत तिचे नाव, सासरचे नाव आणि गाव एकत्र मिळते, आणि स्त्रियांच्या बाजूने वंशावळ लिहू पाहणाऱ्याला एवढा भक्कम दुवा दुसरीकडे क्वचितच सापडतो. जुन्या कागदांत विवाहितेची ओळख 'कोम' किंवा 'भ्र.' म्हणजे अमक्याची पत्नी अशी दिलेली असते आणि माहेर सांगितलेले नसते. लग्नानंतर पहिले नावही बदलण्याच्या प्रथेमुळे तिच्या दोन आयुष्यांना जोडणारा कागद उरत नाही. म्हणून घरातील वृद्ध स्त्रियांना त्यांच्या आईचे, आजीचे आणि माहेरच्या गावांचे नाव विचारून लिहून ठेवणे, हे या शोधातील सर्वांत निकडीचे काम आहे. त्या गेल्यावर ही माहिती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

ज्यांच्यासाठी कोणी लिहिले नाही

ज्या कुटुंबांकडे स्वतःच्या खात्याची जमीन नव्हती, त्यांची परिस्थिती याहून कठीण आहे. महार वतनाच्या कुटुंबांची नावे वतनाच्या नोंदींत आढळतात, कारण गावकीच्या सेवेच्या बदल्यात वतनाची जमीन होती; १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली, तेव्हा त्या जमिनींचे काय झाले हेही दप्तरात दिसते. सैन्यात गेलेल्यांची स्मृती कित्येक गावांत महायुद्धाच्या स्मारकशिळांनी जपली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जवानांना वीरमरण आल्याची नोंद प्रसिद्धच आहे. मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या कराराच्या मजुरांची नावे, बापाचे नाव, जात आणि गाव तेथील स्थलांतरितांच्या नोंदींत उतरले, आणि ते दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. गाव सोडून समुद्रापार गेलेल्या मजुराची ओळख अशी कागदावर राहिली, आणि गावातच राहिलेल्या त्याच्या भूमिहीन भावाची नोंद मात्र कित्येकदा कोठेच झाली नाही.

भटक्या आणि विमुक्त समाजांच्या वाट्याला तर संशयाची नोंद आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आणि पुढे त्याच्या विस्तारानंतर कित्येक समाजांतील कुटुंबांची पोलिसांकडे हजेरी लागे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहतीत त्यांना ठेवले जाई, आणि ही स्थिती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द होईपर्यंत टिकली. आज याच कुटुंबांकडून जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखा आहेत, आणि त्यांच्या आधीचा कागद आणणे ही अर्जदाराची जबाबदारी आहे. ज्यांना शेत, घर आणि शाळा नाकारली गेली, त्यांनी सातबारा, घरपट्टी आणि शाळेचा दाखला दाखवावा अशी अपेक्षा करणे हा घोर अन्याय आहे, आणि कौटुंबिक इतिहासाचा प्रश्न हा हौसेचा नसून हक्काचा आहे, हे येथे स्पष्ट होते.

अशा कुटुंबांसाठी सर्वांत उपयोगी ठरते ते प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर, ज्यात प्रवेशाची तारीख, जात, जन्मस्थळ आणि शाळा सोडल्याचे कारण नोंदवलेले असते. मुलगा पहिलीत दोन महिनेच बसला असला तरी ती ओळ त्याच्या नातवंडांना दाखला मिळवून देऊ शकते. त्याखेरीज त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी आणि गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, ज्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली गाव व भावकीची माहिती उतरलेली असते. आणि कोल्हापूर-सांगलीकडे दर काही वर्षांनी गावात येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवणारे व नव्या पिढीची नावे लिहून घेणारे हेळवी आहेत, ज्यांच्या वह्यांत सरकारी दप्तराला ठाऊक नसलेली स्थलांतरे सापडतात.

मेळ घालण्याची शिस्त

यांतील कोणताही एक कागद स्वतःच्या बळावर पूर्ण विश्वासार्ह नसतो. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच भावकीत एकाच नावाचे तीन पुरुष आढळतात, आणि 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक, अशी जोडी पिढ्या सोडून पुन्हा येते. तेथे तारीख आणि भावांची नावे पडताळल्याशिवाय दोन माणसांचा एक माणूस होण्याचा धोका असतो. जुन्या नोंदींत आडनाव नसते, किंवा पाटील, चौगुले असे पदच आडनाव बनलेले असते. वये पाच आणि दहाच्या पटीत सांगितलेली असतात, आणि शाळेत हजारो मुलांची जन्मतारीख १ जून लावण्यात आली, कारण शाळा जूनमध्ये भरे आणि खरी तारीख कोणाला ठाऊक नसे. शके सनात ७८, दख्खनी फसली सनात सुमारे ५९० आणि पेशवाईतील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. बुद्रुक आणि खुर्द ही जोडगावे, बदललेले तालुके, आणि कोयनेसारख्या धरणांच्या पाण्याखाली गेलेली गावे यांमुळे 'मूळ गाव' नकाशावर शोधणेही अवघड होते. विस्थापितांच्या बाबतीत पुनर्वसन कार्यालयातील 'संकलन रजिस्टर' हाच जुन्या आणि नव्या गावठाणांमधला दुवा असतो. या साऱ्या अडचणींवर उपाय एकच : एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान दोन-तीन साधनांतून जी गोष्ट सिद्ध होते तिलाच वंशावळीत पक्के स्थान द्यावे, बाकीची गोष्ट 'संभाव्य' म्हणून वेगळी लिहावी, आणि घराण्याच्या मोठेपणाला साजेशी म्हणून कोणतीही कडी जोडू नये.

दप्तराची जपणूक

मराठा-कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी ७ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्या निमित्ताने तहसील, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग आणि पोलीस ठाणी येथील जुने बस्ते मोठ्या प्रमाणावर उघडले गेले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असले, तरी एक गोष्ट त्यातून निर्विवाद दिसली : गावोगावचे हे कागद लाखो माणसांच्या इतिहासाचा एकमेव लेखी आधार आहेत, आणि ते वाळवी, ओल आणि दुर्लक्ष यांच्या हवाली करण्यासारखे नाहीत. भूमी अभिलेखांचे संगणकीकरण झाले, काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या शासकीय सेवेवर पाहता येतात, ही प्रगती मोलाची आहे. मात्र कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे आणि १९५१ ची नागरिक रजिस्टरे यांचे छायांकन त्याच निष्ठेने व्हायला हवे, आणि मोडी वाचकांची नवी पिढी घडवण्याची जबाबदारी विद्यापीठांनी घ्यायला हवी. त्याबरोबर, जातीची नोंद माणसाला अपमानित करण्यासाठीही वापरली जाऊ शकते याचे भान ठेवून, जिवंत व्यक्तींच्या माहितीला संरक्षण आणि मृतांच्या नोंदींना खुलेपणा, असा भेद कायद्याने करणे आवश्यक आहे. जनगणनेची मूळ पत्रके शंभर वर्षांनी खुली करण्याचा विचार भारतानेही करावा. आगामी जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याने त्या पत्रकांचे भवितव्य आजच ठरवणे योग्य होईल, कारण एकदा नष्ट झालेली पत्रके पुढच्या शतकातील कोणत्याही कायद्याला परत आणता येणार नाहीत.

शासनाकडून या अपेक्षा करताना कुटुंबांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. घरातील जुने उतारे, शाळेचे दाखले, दशक्रियेच्या पत्रिका आणि पुण्यस्मरणाची कात्रणे तारखांसह एकत्र ठेवावीत, वंशावळीत मुलींची नावे त्यांच्या सासरच्या गावांसह आणि सुनांची नावे त्यांच्या माहेरांसह लिहावीत, बालपणी वारलेली मुले गाळू नयेत, आणि निधनवार्ता देताना 'तीन मुली' असे न लिहिता त्या तिघींची नावे लिहावीत. आजवरच्या दप्तराने माणसाला करदाता, खातेदार, वारस किंवा संशयित म्हणून लिहिले. त्याला माणूस म्हणून लिहिण्याचे काम त्याच्या वंशजांनाच करावे लागेल, आणि ते केले गेले तरच महाराष्ट्राच्या इतिहासात जमीन असलेल्या पुरुषांखेरीज इतरांनाही नावानिशी स्थान मिळेल.